दुसरा नंबर

आमच्या नातलगांत कुणाचाही फॉर्म भरायचा झाला की पहिला नंबर ज्याचा त्याचा असतो आणि दुसरा माझा. गॅसचं पुस्तक, शाळेचा प्रवेश, दवाखान्याचा केसपेपर, बँकेचं खातं, काहीही असो. ‘पर्यायी संपर्क’ हा रकाना आला की लिहिणारा मान वर न करता माझे दहा आकडे लिहून मोकळा होतो. हे कोणी बसून ठरवलेलं नाही. जालन्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी वजनकाट्यावर काम करतो. एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्याने मला मोबाइल दिला, तो आमच्या सगळ्या गोतावळ्यातला पहिला. नंबर लक्षात राहण्यासारखा होता, शेवटी चव्वेचाळीस सतरा. तो मी कधी बदलला नाही. फोन वाजला की तिसऱ्या घंटेच्या आत उचलतो, ही सवय काट्यावरचीच. गाडी काट्यावर उभी असताना कुणाला ताटकळत ठेवायचं नसतं.

त्यामुळे मला कुणाकुणाचे फोन येत. पुतण्या दोन दिवस वर्गात आला नाही, मेव्हण्याचं सिलिंडर दारावरून परत गेलं, चुलतभावाच्या खात्याचा कागद अपुरा आहे. मी वहीत वेळ लिहायचो, ज्याचं त्याला कळवायचो आणि कळवल्यावर पुढे बरोबरची खूण करायचो. बायको म्हणायची, “तुम्ही काय सगळ्या खानदानाची चौकशी खिडकी आहात का?” मी हसायचो. पण मला ते आवडायचं, हे इथे कबूल करतो. माणसं फक्त विश्वासाच्या जागी दुसरा नंबर देतात असं मी धरून चाललो होतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, जाफराबादला असते. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं पाटी-दप्तर तिनेच बघितलं. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा जीप चालवतो, सून घर बघते आणि अक्का उन्हाळाभर कुरडया, शेवया, पापड करून विकते. तिला वाचता बेताचंच येतं. फोनमध्ये नावं साठवून ठेवलेली असतात, पण तिला ती शोधता येत नाहीत. तिला एकच नंबर तोंडपाठ आहे, माझा. तो ती आकडे न तोडता, एका दमात, आरतीच्या चालीवर म्हणते.

आता त्या ॲपचं सांगतो.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या आधी जालन्यातच मस्तगड भागातल्या एका भांड्यांच्या दुकानात कुकर घ्यायला गेलो होतो. दुकानदार चाचा माझ्या जुन्या ओळखीचे. साठीच्या पुढचे, भाव एकच सांगणारे. त्या दिवशी मात्र बिल करताना म्हणाले, “भाऊ, साठ रुपये कमी करतो. पर एक ॲप घ्यावं लागंल.”

“कशाचं ॲप?”

“दुकानदारीचंच. आता पेपरात जाहिरात, चौकात बोर्ड, हा फालतू खर्चा बंद. तुम्ही माझ्याकडं गिऱ्हाईक पाठवा, त्याची नोंद व्हती, तुमच्या नावावर टोकन पडतं. ते गिऱ्हाईक जेवढं खरेदी करंल, तेवढं तुमचं टोकन वाढत जातं. एक टोकन एक रुपया धरा.”

टोकन म्हटलं की मला दवाखान्यातला नंबर आठवतो, नाहीतर कापसाच्या यार्डात गाडी आत घ्यायच्या आधी देतात ती चिठ्ठी. मी तसं म्हटलं. चाचा हसले. “तसं न्हाई भाऊ. हे टोकन हाताला लागत न्हाई. कंपूटरनं कुलूप लावून ठेवलेलं हाय. कोणी खोटं करू शकत न्हाई, कोणी खोडू शकत न्हाई. बिलकुल पक्कं.”

‘खोडू शकत नाही’ हे मला त्या वेळी चांगलंच वाटलं. फोन चाचांच्या हातात दिला. ‘तुम्हाला कोणी पाठवलं?’ या रकान्यात त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. माझी ओळख म्हणून माझाच मोबाइल नंबर गेला, वेगळा कोड वगैरे काही नव्हता. साठ रुपये वाचले. कुकर घेऊन घरी आलो आणि ॲप विसरलो. त्यावरून नंतर संदेश येत राहिले. ‘अभिनंदन’ अशी सुरुवात दिसली की मी ते न वाचता बाजूला सारायचो, कारण अभिनंदन करणारा अनोळखी माणूस काहीतरी विकतच असतो. वाचल्याशिवाय सही करू नये हे मी घरात सगळ्यांना सांगत आलो. न वाचता बाजूला सारू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाऊबीजेला मी दरवर्षी पहिल्या एसटीने जाफराबादला जातो. तसा गेल्या दिवाळीलाही गेलो. पाट मांडलेला होता, ताटात सुपारी, निरांजन, सगळं जागच्या जागी. सून नेहमी “मामा, चहा आधी का आंघोळ आधी?” असं म्हणत दारात येते, ती आतच राहिली. अक्काने ओवाळलं. मी खिशातून पाचशे एकचं पाकीट काढलं आणि ताटात ठेवायला हात पुढे केला. तिने ताट मागे घेतलं.

“ऱ्हाऊ दे.”

“का गं?”

“ताटात टाकायचं अन् पाठीमागून काढून घ्यायचं, असली ओवाळणी मला नको.”

मला काहीच समजलं नाही. मी हसलो, आणि ते हसणं तिला लागलं.

“हसून काय राह्यला? चव्वेचाळीस सतरा कोणाचा नंबर हाय?”

“माझा.”

“मंग? माझ्या कुरडया विकल्या की तुला हिस्सा भेटतो म्हणं. पंधराशे छत्तीस. सुनेनं वाचून दाखवलं. मी उन्हाळाभर चुलीपुढं चीक हाटायचा अन् तू तिथं काट्यावर सावलीत बसून मोजायचा?”

सून तेव्हा दारात आली. बिचारीचा चेहरा उतरलेला होता. हळूहळू सगळं कळलं. होळीच्या सुमारास जाफराबादेत त्याच ॲपवाल्यांनी बायकांची बैठक घेतली होती. घरी केलेला माल ॲपवर टाका, गिऱ्हाईक जालन्याचं, संभाजीनगरचंही मिळेल. सुनेने अक्काचं नाव घातलं. ‘तुम्हाला कोणी पाठवलं त्यांचा नंबर’ असा रकाना आला.

“मी म्हणले, आत्याबाई, आपल्याला तर कोणीच पाठवलं न्हाई,” सून सांगत होती. “तर ह्या म्हणल्या, दुसरा नंबर मागतंय ना, मंग भाऊचाच टाक.”

“मी म्हणले तसं,” अक्का म्हणाली. “मी दुसरा नंबर दिल्ता. हिस्सा न्हवता दिला.”

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कंपनीने सगळ्यांना आभाराचा संदेश पाठवला होता: तुमच्या मेहनतीमुळे तुमच्या मार्गदर्शकाने इतके टोकन कमावले, तुम्हीही माणसं जोडा आणि कमवा. मार्गदर्शकाचं नाव नव्हतं. फक्त नंबराचे शेवटचे चार आकडे होते. दुसऱ्या कुणाच्या घरी त्या चार आकड्यांना काही अर्थ नसता. अक्काच्या घरात ते तान्ह्या लेकरालाही पाठ असतील.

“अक्का, मला खरंच माहीत नव्हतं.”

“तुला? शेवायाच्या पाकिटाचं वजन दोन ग्रॅम कमी भरलं तर तुला कळतं.”

तिचं म्हणणं खरं होतं. आमचे वडील अक्काच्या सासरी जायचे तेव्हा तिला मूल होईपर्यंत त्यांनी त्या घरचं पाणी घेतलं नाही. जाताना आपल्या घरूनच पितळी तांब्या भरून नेत. त्या माणसाच्या मुलाने बहिणीच्या तव्यावरचा वाटा उचलला, असं तिच्या हिशेबी झालं होतं. पाकीट तसंच खिशात ठेवून मी परतीच्या जीपमध्ये बसलो.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी ॲप उघडलं. माझ्या नावाखाली तेवीस माणसं होती. त्यांतल्या एकालाही मी पाठवलेलं नव्हतं. पुतणे, मेव्हणा, शेजारी, कारखान्यातले दोन ड्रायव्हर. सगळ्यांनी तो रकाना पाहिला आणि आजवर लिहीत आले तेच लिहिलं. बाकीच्यांना मी फोन केले. ते हसले. मेव्हणा म्हणाला, “दाजी, मग पार्टी कधी?” त्यांची खरेदीच किरकोळ होती. अक्काची मात्र अडतीस हजार चारशेची विक्री होती. मी कागदावर मांडून पाहिलं. गिऱ्हाईक शंभर देतं, तर अक्काच्या हातात एक्क्याण्णव पडतात. नऊमधले पाच कंपनीचे आणि चार वरच्या माणसाचे, म्हणजे माझे. अडतीस हजार चारशेचे चार टक्के, पंधराशे छत्तीस. तिचा आकडा बरोबर होता.

काट्यावरच्या रजिस्टरचा एक नियम आहे. आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, पांढरं लावायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. मला एवढंच हवं होतं. ‘कोणी पाठवलं’ या रकान्यातल्या माझ्या नंबरावर एक रेघ आणि बाजूला माझी सही.

आधी चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “भाऊ, माझ्याखाली दोनशेबारा माणसं हायेत. त्यातली अर्धी मला शिव्या देऊन राह्यली की टोकन घेऊन करायचं काय. मी कोणाला सांगू? मला माझंच न्हाई निघता येत.” त्यांनी चहा मागवला. तो पिऊन मी निघालो.

मग कंपनीचा नंबर. अकरा वेळा लावला, तेव्हा एक मुलगी बोलली. मी माझ्या हिंदीत सगळं सांगितलं.

“सर, ये चेन पे दर्ज है. इसको कोई बदल नहीं सकता.”

“लेकिन मैंने किसी को भेजा ही नहीं.”

“पर सर, आप तो कमा रहे हैं. इसमें दिक्कत क्या है?”

दिक्कत काय आहे हे मला त्या मुलीला सांगता आलं नाही. भाऊबीज, पितळी तांब्या, चीक हाटणं, हे हिंदीत कसं सांगायचं? मराठीत तरी कसं सांगायचं होतं? मी “ठीक है” म्हणून फोन ठेवला.

माझी मुलगी पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. तिने निदान समजावून तरी सांगितलं. “पप्पा, ही नोंद एका वहीत नाहीये. एकसारख्या हजारो वह्या आहेत आणि सगळ्यांत ती एकाच वेळी लिहिली गेलीय. शिवाय प्रत्येक नोंदीवर आधीच्या नोंदीची मोहोर असते. मधली एक बदलली की पुढच्या सगळ्या मोहोरा जुळत नाहीत, म्हणून कुणी बदलू शकत नाही. पाठवणाऱ्याचं श्रेय दुसऱ्या कुणी लाटू नये म्हणून तसं केलंय.”

“आणि श्रेय नकोच असेल तर?”

“तसं कुणाला नको असेल, हे त्यांनी धरलंच नसणार.”

“ॲप काढून टाकलं तर?”

“तुमच्या फोनमधून जाईल. नोंद राहील. पुढेही टोकन पडत राहतील.”

“म्हणजे रेघ मारून सही करायची सोयच नाही.”

“नाही. फक्त खाली नवी नोंद करता येते. टोकन आत्याला परत पाठवून बघा.”

पण त्याआधी मी एक वेगळी चूक केली. पंधराशे छत्तीस रुपये रोख घेऊन जाफराबादला गेलो. पंधराशेच्या नोटा, तीन दहाच्या, एक पाचचं आणि एक रुपयाचं नाणं. अक्का पाट्यावर पापडाचं पीठ कुटत होती. मी पैसे तिच्यासमोर ठेवले. तिने नाण्यांकडे पाहिलं.

“मोजून आणले?”

“हो. बरोबर पंधराशे छत्तीस.”

“ते सहा रुपयेबी आणले.” मुसळी थांबली. “तुझ्या लग्नात मी काय काय घातलं, ते मोजलंय का कधी? तुझ्या दप्तराला ठिगळं लावली, ती मोजली का? न्यायचं बी मोजून अन् द्यायचं बी मोजून. तू भाऊ हायेस का वजनकाटा?”

सुनेने तोंडाला पदर लावला, तिला हसू आलं असावं. मला नाही आलं. सहा रुपये कमी आणले असते तर बरं झालं असतं, की पाचशे जास्त, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पैसे मी भिंतीतल्या देवळीत ठेवून आलो. आठ दिवसांनी जीपवाल्या भाच्याने ते मला आणून दिले. त्याने मोजले नव्हते, मी मोजले. पुरते होते.

मग टोकन. ॲपमध्ये ‘पाठवा’ असं बटण होतं. पंधराशे छत्तीस अक्काच्या नावावर पाठवले. झालं, असं वाटलं. पाच मिनिटांत माझा फोन वाजला: ‘अभिनंदन!’ या वेळी मी वाचलं. अक्काच्या खात्यात पंधराशे छत्तीस टोकनांची कमाई झाली होती आणि तिचा मार्गदर्शक म्हणून तिच्या कमाईचे चार टक्के माझ्या खात्यात जमा झाले होते. एकसष्ट पूर्णांक चव्वेचाळीस.

मी ते एकसष्ट पूर्णांक चव्वेचाळीस पाठवले. दोन पूर्णांक सेहेचाळीस परत आले. तेही पाठवले. शून्य पूर्णांक दहा परत आले. ते पाठवायला गेलो तर ॲपने सांगितलं, एका टोकनापेक्षा कमी पाठवता येत नाही.

गणित म्हणून हे मला लगेच समजलं. दर वेळी पंचविसावा भाग परत येणार, कधीच शून्य होणार नाही. शाळेत असली गणितं मी आवडीने सोडवली होती. पण तिकडे जाफराबादेत दर वेळी अक्काच्या सुनेचा फोन वाजत होता आणि सून वाचून दाखवत होती. संध्याकाळी अक्काचा फोन आला. भाऊबीजेनंतरचा पहिला.

“काय लावलंय हे? आधी पंधराशे, मंग साठ, मंग दोन. भीक घालून राह्यला का?”

“अक्का, ते परत येतंय गं माझ्याकडे. मी पाठवतो आणि त्याच्यावरचा वाटा पुन्हा माझ्याकडे येतो.”

“असं कुठं असतं का?”

“असं आहे.”

मागे भाच्याची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. “भाऊ, एक काम कर,” ती म्हणाली. “तू काही करूच नको.”

ते टोकन तिच्याही कामाला आले नाहीत. रुपये काढायचे तर खात्यात कमीत कमी दोन हजार टोकन लागत होते. तिचे सगळे मिळून भरले सोळाशेला दहा पैसे कमी. ते दहा पैसे माझ्याकडे होते. पुढच्या उन्हाळ्यात तिने ॲपवर माल टाकलाच नाही. मागच्या उन्हाळ्यापेक्षा निम्म्या कुरडया केल्या, गल्लीत आणि बाजाराच्या दिवशी विकल्या. हे मला सुनेकडून कळलं. पावसाळ्यात ॲप उघडेना. कंपनीचा नंबर लागेना. मी मुलीला विचारलं, आता तरी नोंद गेली का? तिने फोनवर एक पान उघडून पाठवलं. लांबच लांब अक्षर-आकड्यांच्या ओळी होत्या. त्यांतली एक अक्का, एक मी, आणि मध्ये बाण. कंपनी बुडाली तरी बाण होता.

याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की जाफराबादचे फोन येत नाहीत. अक्काच्या गॅसवाल्याचा आला नाही, बँकेचा आला नाही. वाटलं, कामं नसतील. मग भाचा एकदा कारखान्याच्या फाटकापाशी भेटला. जरा इकडेतिकडे बघत म्हणाला, “मामा, आईनं सगळीकडं नंबर बदलून घेतला. आता माझ्या साल्याचा टाकलाय. मी म्हणलो तिला, कशाला? तर म्हणली, भाऊला तरास नको.”

‘त्रास नको’ हे तिने कोणत्या सुरात म्हटलं असेल, ते मला ऐकू आलं. मी भाच्याला म्हटलं, “बरोबर आहे. तरुण माणसाचा नंबर असलेला बरा.” आणि काट्यावर परत आलो. माझ्या वहीत त्या महिन्यात दोनच नोंदी होत्या, दोन्ही मेव्हण्याच्या.

मागच्या आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, भंगाराची एक गाडी काट्यावर चढत होती आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. दुसऱ्या घंटेला उचलला.

“तुम्ही पेशंटचे कोण?” जालन्यातल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यातून सिस्टर बोलत होत्या. “मोतीबिंदूच्या आजी आहेत, जाफराबादच्या. ऑपरेशन चांगलं झालंय, पण बीपी वाढलंय. आज ठेवावं लागेल. कोणीतरी या.”

अक्काचं ऑपरेशन. माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर. मला पत्ता नव्हता. गाडीचं वजन घेतलं, पावती फाडली, बाकीच्या दोन गाड्या तशाच उभ्या ठेवून सुपरवायझरला सांगितलं आणि निघालो. एकोणीस वर्षांत गाडी उभी ठेवून मी गेलो नव्हतो.

अक्का खाटेवर बसलेली होती. उजव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी. भाचा सकाळी सोडून फेरीला गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. माझ्या चपलेच्या आवाजावरून तिने ओळखलं असावं.

“तुला कोणी सांगितलं?”

“सिस्टरने फोन केला.”

“मी त्यांना सुनेच्या भावालाच लावा म्हणत होते.” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “फारमावर व्हता त्यो बंद लागला. त्या म्हणल्या, आजी, दुसरा कोणाचा तरी सांगा. तोंडातून तुझा गेला.”

“बरं झालं.”

“बरं काय झालं? मी काढून टाकला सगळीकडून. तोंडातून निघंना त्याला मी काय करू?”

ती रागाने म्हणत होती, की रडवेली होती, ते पट्टीमुळे कळलं नाही. मी स्टुलावर बसलो. डॉक्टरांनी दर दोन तासांनी थेंब टाकायला सांगितले होते. मी खिशातली वही काढून वेळा लिहिल्या.

“मोजतोयस का?”

“थेंबांच्या वेळा लिहितोय.”

“लिही.” ती पडून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “ते दहा पैसे अजून तुझ्याकडंच हायेत का?”

“आहेत. देता येत नाहीत.”

“माहितेय मला,” ती म्हणाली आणि कूस वळली.

संध्याकाळी भाचा आला. रात्रभर तो थांबला. सकाळी अक्काला घरी सोडायच्या वेळी मी पुन्हा गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी केसपेपर पुढे सरकवला. ‘पर्यायी संपर्क’ या रकान्यातल्या नंबरावर सिस्टरने एक रेघ ओढली होती, अगदी आमच्या रजिस्टरसारखी. वर माझा नंबर लिहिला होता. बाजूला सही नव्हती.

“पुढच्या तपासणीला याच नंबरावर फोन करू ना?” बाईंनी विचारलं.

मी अक्काकडे पाहिलं. ती भाच्याच्या खांद्याला धरून उभी होती. काळा चष्मा लावल्यामुळे ती कुठे बघते आहे ते समजत नव्हतं. हो म्हणणं माझ्या तोंडावर आलं होतं. पण न विचारता माझा नंबर लिहिला जाणं, त्यातूनच सगळं झालं होतं.

“अक्का, त्या विचारतायत, नंबर कोणता ठेवायचा.”

“मला काय दिसतंय का?” अक्का म्हणाली. “लिहिलेलं असंल ते ऱ्हाऊ दे. चल रे, जीप उन्हात हाय.”

लिहिलेलं म्हणजे खालचं की वरचं, हे मी विचारलं नाही. बाईंनी केसपेपर फाईलला लावला. ते दोघं पायऱ्या उतरून गेले. मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. जीप वळली तेव्हा हात वर केला. तिला दिसला की नाही, कुणास ठाऊक.

सहीशिवायची दुरुस्ती माझ्या काट्यावर मी धरत नाही. तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. तोवर फोन खिशात न ठेवता मी टेबलावर ठेवतो, आवाज पुरता वाढवून.